रिकाम्या खुर्चीतला उमेदवार

हॉस्पिटलातून बायको मर्टल गेल्याचा फोन आला, त्याच सकाळी रेडिओवर निवडणूक जाहीर झाली. एल्विनला धड रडूही येईना. डोक्यात एकच, आता तिचा प्रश्न कोण विचारणार?

मच्छीमारांच्या जेटीवरचा दिवा कित्येक वर्षं बंद होता. जेटी ओटावातल्या केंद्र सरकारची, म्हणजे दिवाही त्यांनीच लावायचा. एल्विनची बोट अंधारात परतायची तेव्हा मर्टल टॉर्च घेऊन टोकाला उभी असायची. आणि दर निवडणुकीत उमेदवार चर्चच्या हॉलमध्ये वाद घालायला आले, की ती उठून विचारायची, "दिवा कधी लावताय?" उमेदवारांना घाम फुटायचा!

"यंदा मी विचारणार!" एल्विनने छाती फुगवून शेजारच्या ग्लॅडिसला सांगितलं. सभा तीच चालवायची. "एक वाक्य तर आहे! त्यात काय अवघड?"

"तू? लग्नात 'हो' म्हणायलासुद्धा मर्टलने तुला कोपराने ढोसलं होतं!"

सभेला मर्टल खजुराच्या वड्या न्यायची, म्हणून त्यानेही केल्या. त्या ओव्हनमधून फरशीच्या तुकड्यांसारख्या निघाल्या. त्यात उशीर झाला. हॉल गच्च भरलेला, आणि गुडघा ठणकत होता. एकच खुर्ची रिकामी दिसली, व्यासपीठावर. सत्ताधारी पक्षाचा उमेदवार आलाच नव्हता, आणि गावाला ते दिसावं म्हणून त्याच्या नावाची पाटी लावून खुर्ची मुद्दाम मोकळी ठेवली होती. एल्विन चष्मा घरी विसरला होता. वर चढला आणि वड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन बसला!

लोक एकमेकांकडे बघू लागले. पण नुकतंच बायकोला पोचवून आलेल्या माणसाला उठवणार कोण?

"ग्लॅडिस, उठव त्याला!" पहिल्या रांगेतून कर्टिस कुजबुजला.

"तूच उठव!"

"मी? छे!"

बाकीचे दोन उमेदवार शहरातले. न आलेल्याला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यातला टायवाला एल्विनकडे बघून उसळला, "या गृहस्थांच्या पक्षाने मासेमारीचं वाटोळं केलं!"

"मी?" एल्विन दचकला.

ज्याचं नाव निघेल त्याला एक मिनिट, असा नियम. ग्लॅडिसने गडबडीत घंटी वाजवली. "बोल!"

"मासे कमी झालेत खरे. का, ते मला माहीत नाही."

टाळ्यांचा कडकडाट! त्या व्यासपीठावरून 'माहीत नाही' असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

"आणि कर का वाढवले?" दुसऱ्या उमेदवार फॅरोबाईंनी बोट रोखलं.

"बाई, मी माझेच कसेबसे भरतो!"

शिट्ट्या!

"घरं महागली, त्याचं काय?" टायवाल्याने विचारलं.

एल्विनने मांडीवरचा ट्रे सरळ केला. "आमच्याकडे आता जागाच जागा आहे," तो म्हणाला.

मग मागून शाळेतली नवी मास्तरीण उठली. "काका, खोली भाड्याने देणार का?"

हॉल खदखदून हसला. एल्विनला धीर आला. त्याने हात वर केला. "आता माझा प्रश्न!"

"हरकत!" टायवाला ओरडला. "उमेदवाराने प्रश्न विचारायचा नाही, उत्तर द्यायचं!"

"मी उमेदवार नाही हो!"

"मग इथे काय करताय?"

"बसलोय! गुडघा दुखतोय!"

त्यावर जो गोंधळ उडाला! टायवाला पाटीकडे बघतोय, फॅरोबाई एल्विनकडे, आणि ग्लॅडिस सुतारपक्ष्यासारखी घंटी बडवतेय. शेवटी तिने सभा संपल्याचं जाहीर करून टाकलं. गर्दी व्यासपीठावर चढली.

"एल्विन, माझं मत तुला!"

"अरे, पण मी उभाच नाही! मला जरा जाऊ दे... अहो साहेब! बाई!"

जो तो हात मिळवायला पुढे. ट्रे सांभाळत, लंगडत तो दारापर्यंत पोचला, तोवर दोन्ही उमेदवारांच्या गाड्या वळणापलीकडे गेल्या होत्या.

मर्टलचा प्रश्न विचारायचा राहिला. जेटीवर अजून अंधार आहे.