चपळरावांचा डावा पाय

एका जंगलात, म्हणजे हल्ली जिथे डांबरी घाटरस्ता झाला आहे त्याच जंगलात, चपळ नावाचा एक चित्ता राहत होता. त्याने लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हापासून सगळे त्याला अहोजाहो करू लागले. म्हणून आपणही करू.

बाळांनो, चित्त्याला गाडी कशाला, असं विचारू नका. तुमच्या बाबांनाही देवाने धडधाकट पाय दिलेत. तरी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ते स्कूटरच काढतात ना?

गाडी मोठी देखणी होती. छत इतकं बुटकं की आत बसल्यावर शेपूट कुठे ठेवायचं हा प्रश्न पडे. गिअर हाताने बदलायचे. आपोआप बदलणारे गिअर म्हशींसाठी असतात, असं चपळरावांचं स्पष्ट मत होतं. हे मत ते म्हशींनाही ऐकवत.

पण या गाडीला एक दुखणं जडलं. चढ आला की इंजिन डरकाळ्या फोडायचं, फेऱ्यांचा काटा भराभर वर जायचा आणि गाडी मात्र गोगलगायीच्या मागे राहायची. शिवाय काहीतरी करपल्याचा वास.

"क्लच गेला," चपळराव म्हणाले.

"अहो, तुमचा डावा पाय जरा क्लचवरून खाली ठेवा ना," शेजारी बसलेली त्यांची बायको कुमुद म्हणाली. "गाडी पळत असताना सारखा तिथेच असतो. अर्धा दाबून ठेवल्यावर क्लच घासणारच की."

"आमच्या घराण्यात पाय टेकत नाहीत," चपळराव म्हणाले. "आजोबा झोपेतसुद्धा एक पाय उचलून ठेवायचे. सावज कधी दिसेल सांगता येतं का? आणि तुला गाडीतलं काय कळतं?"

कुमुदने काच खाली केली आणि ती बाहेरची झाडं बघत बसली. वास फार येत होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? बिघडलं होतं, बाळांनो. त्या जंगलात दर उन्हाळ्याच्या तोंडाशी एक शर्यत असे. घाटमाथ्यावर जो आधी पोचेल, त्याच्या घरच्यांनी उन्हाळाभर डोहावर पहिलं पाणी प्यायचं. बाकीच्यांनी नंतर. मागच्या वर्षी तो मान रानडुकराच्या जुनाट जीपला मिळाला होता. आणि रानडुकरं नुसतं पाणी पीत नाहीत, आधी त्यात लोळतात. तो चिखल पिऊन कुमुदचं धाकटं पिल्लू तापाने फणफणलं होतं. कसंबसं वाचलं. कुमुद ते विसरली नव्हती.

म्हणून शर्यतीआधी गाडी अस्वलाच्या गॅरेजात गेली.

अस्वलाने बॉनेटवर हात ठेवून जंगलातल्या सगळ्या मेकॅनिकांचा पहिला प्रश्न विचारला. "आधी कुणी हात लावला होता हिला?"

"कुणीच नाही. नवी आहे."

"तरीच," अस्वल म्हणालं.

त्याने गाडी खोलली. क्लचप्लेट घासून बशीसारखी गुळगुळीत झाली होती. अस्वलाने प्लेट पाहिली, मग चपळरावांचा डावा पाय पाहिला. तो बाकावर बसल्या बसल्यासुद्धा जमिनीपासून चार बोटं वर होता.

चपळराव चहाला गेले तेव्हा अस्वल कुमुदला हळूच म्हणालं, "वहिनी, प्लेटचा दोष नाही हो. साहेबांचा पाय."

"मला माहीत आहे. मग सांगा ना त्यांना!"

"मी?" अस्वल घाबरून म्हणालं. "तुम्ही घरच्या असून ऐकत नाहीत. मला तर दुकान चालवायचंय."

अस्वलाने नवी प्लेट घातली आणि गाडी स्वतः चालवून पाहिली. गाडी चढावर बाणासारखी गेली. चपळराव खूश झाले. पंधरवड्यात पुन्हा तोच वास.

मग गाडी माकडाकडे गेली.

"आधी कुणी हात लावला होता?"

"अस्वलाने."

"अरेरे," माकड म्हणालं, आणि मयताच्या घरी हलवतात तशी त्याने मान हलवली. मग त्याने क्लचचं तेल बदललं, नळी बदलली, पेडल खालीवर करून पाहिलं. त्यालाही सगळं कळलं होतं. पण चित्त्याला त्याचा पाय दाखवायचा तर झाडावर बसून दाखवावा, आणि गॅरेज तर जमिनीवर होतं. त्यानेही चक्कर मारली. गाडी झकास. चपळराव बसले, गाडी पुन्हा करपली.

शेवटी कोल्ह्याची शोरूम. तिथे पांढरे सदरे होते आणि कॉम्प्युटर होता. कोल्ह्याने गाडीला वायर जोडली. पडद्यावर आलं, गाडीत दोष नाही.

"मग दोष आहे कुठे?" चपळराव गुरगुरले.

कोल्ह्याने पडद्याकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं. मग चपळरावांच्या दातांकडे पाहिलं.

"हवेत," तो म्हणाला. "हल्ली दमटपणा फार आहे."

हे निदान चपळरावांना एकदम पटलं. त्यात त्यांचा पाय कुठेच येत नव्हता.

शर्यतीचा दिवस उजाडला. लाल गाडी सुसाट निघाली. रानडुकराची जीप मागे खडखडत राहिली. घाट सुरू झाला, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्यावर इंजिन किंचाळू लागलं. गाडी जागची हलेना. बॉनेटमधून धूर आला.

"कोल्हा लबाड आहे," चपळराव म्हणाले. "आधीची दोघंही लबाड."

"आता तरी पाय काढा हो!" शेजारून कुमुद ओरडली.

"पायाचा काय संबंध? उलट मी तयारीत बसलोय!"

खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला. कुमुदला धाकट्याचं तापलेलं कपाळ आठवलं. तिला रडू आलं. मग राग आला, आणि रागाचा उपयोग झाला. तिने दार उघडलं आणि ती खाली उतरली.

गाडी आल्यापासून ती पळालीच नव्हती. पहिल्या चढाला बरगडीत कळ आली. दुसऱ्याला श्वास पुरेना. मग मात्र अंगाला आपलं काम आठवलं. जीप वळणावळणाने येत होती. कुमुद करवंदीच्या जाळ्यांतून सरळ वर गेली. काटे लागले, तिकडे तिने पाहिलंही नाही. जीप माथ्यावर आली तेव्हा ती पंच हत्तीच्या सोंडेपाशी धापा टाकत उभी होती.

"हिची गाडी कुठाय?" रानडुक्कर ओरडलं.

हत्तीने बराच विचार केला. "गाडी हवी असा नियम नाही," तो म्हणाला. "आधी पोचायचं, एवढाच आहे. गाड्या तुमच्या तुम्हीच आणल्यात."

डोह कुमुदच्या घरचा झाला.

तिन्हीसांजेला दोन म्हशींनी चपळरावांची गाडी दोरीने ओढत आणली. ते खाली उतरले आणि म्हणाले, "पाच मिनिटं थांबली असतीस तर निघालीच असती."

"हो," कुमुद म्हणाली.

ती डोहाकडे बघत होती. पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ होतं आणि धाकटं पिल्लू पोट फुगेस्तोवर पीत होतं. त्या दिवसापासून ती चपळरावांच्या पायाबद्दल पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

चपळरावांना वाटलं, आपलं म्हणणं तिला अखेर पटलं.

तात्पर्य : चुकणाऱ्याला त्याची चूक कधीही दाखवू नये, मेकॅनिक असाल तर आधीच्या मेकॅनिकला नावं ठेवावीत, आणि बायको असाल तर गाडीचं दार आतून कसं उघडतं ते शिकून ठेवावं.