ट्रॉम्सोहून सुटणारं विमान

आमच्या शेजारचे दत्ताभाऊ पावसकर मासळीबाजारात बांगडे पारखता पारखता एकदम विचारतात, "ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन अंतर किती, सांग बघू?"

कोळीण शेवंता आता सरावली आहे. "साडेनऊशे किलोमीटर. पिशवी धरा, भाऊ."

"आणि वेळ?"

"पावणेदोन तास. धरा म्हणते ना!"

ही दोन्ही गावं नॉर्वेची, पार उत्तरेची. दुसरं तर ध्रुवाच्या इतकं जवळ की तिथं झाड उगवत नाही. भाऊंची एकुलती एक मुलगी रश्मी बर्फाचा अभ्यास करते आणि त्यासाठी या दोन गावांत विमानानं जा-ये करते. भाऊ स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. त्यांची सगळी नोकरी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. भाऊ निवृत्त झाले, आवाज झाला नाही. रश्मी निघाली की ते ओटीवरून पुकारतात, "ट्रॉम्सो-लाँगयरब्येन, विनाथांबा, सुटत आहे!" समोरचा कुत्रा दचकून उठतो.

विमानांबद्दलची त्यांची मतंही स्टँडवरचीच. "पावणेदोन तासांत आपलं मंडणगडसुद्धा येत नाही! पण खाली नुसता समुद्र रे. गाडी बंद पडली तर माणसं उतरून धक्का कुठं मारणार?" एकदा विमानाला उशीर झाला तेव्हा दिवसभर धुसफुसत होते. "घाट नाही, खड्डा नाही, हातखंब्याचा खोळंबा नाही, मग उशीर कशाला?"

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांनी कुंपणावरून मला हाक मारली. आवाज इतका बारीक की मी धावतच गेलो. त्यांच्या मोबाइलवरच्या नकाशात रश्मीच्या विमानाचं पिवळं चित्र समुद्राच्या मध्यावर होतं आणि त्याचं तोंड उलटं वळलं होतं.

"मागं फिरलं रे," ते म्हणाले. "मधूनच कशाला फिरेल?"

"धुकं असेल, भाऊ. तिकडे असं होतं."

ते मोबाइल धरून ओटीवर जाऊन बसले, मीही शेजारी बसलो. पावसकर काकूंनी ठेवलेला चहा गार झाला. चित्र मुंगीच्या चालीनं ट्रॉम्सोकडे सरकत राहिलं, टेकलं, आणि जरा वेळानं रश्मीचा फोन आला.

"बाबा, धुक्यामुळं परत आणलं आम्हाला. आता उद्या."

"असं होय? मला काय ठाऊक! मी आपला कलमांना पाणी घालत होतो. जेवलीस काय गो?"

फोन ठेवल्यावर मला हसू आलं. "भाऊ, खोटं कशाला सांगितलंत?"

"बाप असा बसून असतो हे कळलं तर पोरीचा पाय अडखळेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "देवरूखच्या कॉलेजात होती ना, तेव्हा तिची गाडी मीच सोडायचो. मग तिकडच्या कंट्रोलरला रोज फोन. 'देवरूख गाडी पोचली काय?' त्याला वाटायचं, साहेब टायमिंगला भारी कडक. पोरीचं नाव मी कधी काढलं नाही."

काकू आतून गार झालेला कप न्यायला आल्या आणि कप हातात घेऊन तिथंच उभ्या राहिल्या.

"तिकडे आता विचारायला ओळखीचं कोणी नाही," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "उद्या दुपारी तू मोकळा असशील काय रे?"

मोकळा नव्हतो. "आहे की," म्हटलं.