इस्त्रीचा ठेका

इस्त्रीवाल्या मावशींनी सकाळपासून तिसरा सदरा करपवला आणि दोष दिला इस्त्रीला. ती बिचारी दुकानात आल्यापासून बारा वर्षांत कुणाच्या वाकड्यात शिरली नव्हती. खरी गोष्ट अशी, की मावशींचे यजमान पंधरा दिवसांपूर्वी मुलीकडे निघून गेले होते.

निघून गेले म्हणजे मावशींनीच घालवले. हा माणूस दुकानाच्या फळीशी बसून दिवसभर बोटांनी ठेका धरायचा. सकाळी सावकाश, चहा झाला की चढता, आणि दुपारी पँटींचा ढीग निघाला की असा उडता, की गिऱ्हाइकाचेही पाय हलावेत. एके दिवशी मावशींचं डोकं ठणकत होतं. तुमच्या टकटकीपेक्षा गळका नळ बरा, असं त्या बोलून गेल्या. यजमानांनी मुकाट्यानं पिशवी भरली. मावशी पडल्या मानी. थांबा म्हणाल्या नाहीत, वर बसची वेळ सांगितली.

आता कळलं, चाळीस वर्षं इस्त्री चालवत होती ती बोटं. दुकान इतकं गप्प, की हात जागच्या जागी पेंगायचा. मावशींनी रेडिओ लावला. धावतं गाणं लागलं तशी इस्त्री अंगात आल्यासारखी सुटली. अर्ध्या तासात वीस सदरे झाले आणि चौदा बटणं तुटली. मग लागलं रेंगाळणारं, विरहाचं. हात सदऱ्याच्या पाठीवर असा थांबला, जसा कुणाच्या खऱ्याच पाठीवर ठेवलाय. धूर निघाला तेव्हा भान आलं.

त्यात हॉटेलच्या मॅनेजरनं तीस पांढरे कोट आणून टाकले. सहा वाजता हवेत म्हणाला. मावशींनी नाइलाजानं मुलीला फोन केला, तीस कोटांचं सांगितलं आणि बाबांची टकटक रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं.

"आठवण येते का गं त्यांची?"

"मला कशाला येईल? गिऱ्हाइकांना सवय झालीय."

तासाभरात टकटक आली. मावशींनी फोन फळीवर ठेवला आणि खांदा आपसूक सैल झाला. एक कोट, पाच कोट, दहा. पाठ दुखायची विसरली. एकविसाव्या कोटावर ठेका थांबला आणि यजमानांचा आवाज आला. बोलणंही त्यात जातंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आई मला बोलावतेय, असं काही म्हणाली का गं?"

"नाही, बाबा."

मग, "बरं. आणखी थोडं वाजवतो. तीस कोट आहेत म्हणे."

ठेका पुन्हा सुरू झाला, पण इतका थकलेला, की एका ठोक्यावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत बसून घेत होता. मावशी फोनकडे बघत राहिल्या. कोटाची बाही पिवळी झाली, तांबूस झाली, मग तिला भोक पडलं.

मावशींनी डोळे पुसले. वाफेनं पाणी येतंच. मग त्यांनी फोन लावला, या वेळी थेट यजमानांना.

"कोट जळला," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे. मधेच बोलायची काय गरज होती? आता मॅनेजरपुढे मी एकटी नाही उभी राहणार."

मग हळूच, "म्हणजे... येऊ?"

मावशींनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"नऊ कोट राहिलेत," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."