हवेतल्या घराची पाहणी

तिसऱ्या मजल्यावरच्या घराची घरपट्टी आली. पुनर्विकासासाठी इमारत केव्हाच पाडली होती, बिल्डर काम अर्ध्यावर टाकून परागंदा झाला होता आणि जागेवर उरला होता हिरव्या पाण्याचा खड्डा. करविभागाच्या लेखी मात्र तिसरा मजला जागच्या जागी होता. त्या घरात राहिलेले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक अशा प्रसंगी आरडाओरडा करत नसत. ते संतापाने थंड पडत आणि अर्ज लिहायला घेत.

"वस्तू नष्ट झाली तरी तिच्यावरचा कर अमर असतो, हा सिद्धान्त मोठमोठ्या साम्राज्यांनाही सुचला नाही," भाड्याच्या खोलीत चष्मा पुसत ते म्हणाले. "घर अस्तित्वात नाही, नोंद रद्द करा, एवढंच मागतोय. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी ओळख लावून त्यांची नोंद रद्द करून घेतलीच ना!"

"अहो, पण आपलं घर नाही असं आपणच लिहून द्यायचं?" पत्नीचा आवाज बारीक झाला. "माझा जीव अडकलाय त्यात."

"जीव अडकायला भिंती तरी लागतात."

अर्ज गेला. नियमानुसार आधी प्रत्यक्ष पाहणी आवश्यक होती. निरीक्षक खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला.

"घर कुठलं, सर?"

प्राध्यापकांनी आकाशाकडे बोट दाखवले. तिथे एक घार फिरत होती.

"आत जाता येईल?"

"आपल्याला पंख असतील तर अवश्य."

निरीक्षकाने शांतपणे लिहिले : घर बंद, पाहणी झाली नाही.

"बंद? अहो, ते नाहीच आहे!"

"सर, 'नाही' असा रकाना नाही आमच्याकडे. पुढच्या खेपेला घरच्या बाईमाणसाला आणा. त्यांना नीट दाखवता येतं."

पुढच्या खेपेला पत्नी आली. निरीक्षकाने आदराने विचारले, "काकू, आतली रचना सांगता का?"

काठावरच्या मातीत उभ्या उभ्या तिचा चेहरा उजळला. "या ना. दारातून आलात की डावीकडे स्वयंपाकघर. ओट्यासमोर खिडकी, सकाळचं ऊन थेट येतं. जपून हं, तिथे उंबरा आहे."

निरीक्षकाने पाय उचलून टाकला.

"आणि ही गॅलरी. ती बंद करून घेतली आम्ही, यांच्या पुस्तकांसाठी."

"बंद करून घेतली? म्हणजे खोली वाढली," निरीक्षकाचे पेन सरसावले. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

निकाल आला. मालकिणीने घर समक्ष दाखवले असल्याने नोंद कायम, आणि एक खोली वाढल्याने करही वाढीव. प्राध्यापकांनी पत्नीशी अबोला धरला. तिने मात्र मुकाट्याने कर भरला आणि कितीतरी दिवसांनी पोळ्या लाटताना गुणगुणली.

मग न्यायालयाने जुन्या बिल्डरला हटवून नवा नेमला. रहिवाशांच्या सभेत त्याच्या इंजिनिअरने नियम सांगितला, "करविभागात ज्यांचं घर आजही नोंदलेलं आहे, त्यांना तेवढंच नवं घर मिळेल. नोंद नसेल त्यांनी कोर्टात हक्क सिद्ध करावा."

"पण मी तिथे राहत होतो!" वकील ताडकन उठले.

"साहेब, घर नाही असं तुम्हीच तर लिहून दिलंय."

प्राध्यापक खाली बसले होते, ते आणखी खाली बसले. शेजारी पत्नी पदराने डोळे टिपत होती. त्यांनी सभेत, सर्वांदेखत, तिचा हात धरला. ज्ञानाच्या एवढ्या ढिगावर बसून आपण स्वतःचेच घर पुसायला निघालो होतो, हे कबूल करण्याची ती त्यांची पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी ते करविभागात गेले. त्यांना पाहताच निरीक्षक सावध झाला. "आता काय तक्रार, सर?"

"तक्रार नाही. तुमचे आभार मानायला आलोय. अगदी मनापासून."

निरीक्षकाने गोंधळून मागे पाहिले, तर मागे कोणीच नव्हते. नोकरीत असले काही त्याने ऐकले नव्हते. "अहो सर, पण मी तर काहीच केलं नाही!"

"तेच म्हणतोय मी," प्राध्यापकांनी हात जोडले. "तुम्ही काही केलं असतंत, तर आम्ही रस्त्यावर आलो असतो."