ताई काही बोलत नाही

धाकटी आपला होणारा नवरा घरी आणणार होती त्या रविवारी ताई सकाळीच आईबाबांकडे येऊन थडकली. तिने टेबलावरची चादर बदलली, बाबांना दाढी करायला लावली आणि आईला बजावलं की मुलाचा पगार आणि मुलाचे आजार हे विषय पहिल्या भेटीत काढायचे नाहीत. ताईला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. पडद्यांच्या रंगावर होतं, शेजाऱ्यांनी कुत्र्याला लावलेल्या वळणावर होतं आणि धाकटीला आजवर आवडलेल्या प्रत्येक मुलावर तर होतंच होतं. फक्त कामाच्या वेळात ती मतं बाजूला ठेवायची. ती समुपदेशक होती. समोरच्या खुर्चीतल्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायचं, त्याला उपदेश करायचा नाही, हे तिचं काम, आणि ते ती फार छान करायची. दिवसभर अडवून ठेवलेली मतं मग संध्याकाळी घरच्यांच्या वाट्याला यायची.

बेल वाजली. ताईने दार उघडलं. दारात धाकटी उभी होती, तिच्या मागे फुलांचा एक मोठा गुच्छ होता आणि गुच्छाच्या मागे दर बुधवारी संध्याकाळी ताईच्या समोरच्या खुर्चीत बसणारा दातांचा डॉक्टर होता.

डॉक्टर स्वभावाने गोड, पण माणसांना भ्यायचा. दिवसभर त्याच्यासमोर जो कोणी असे त्याचं तोंड उघडं असे आणि त्याला बोलता येत नसे. त्यामुळे उलट बोलणाऱ्या माणसांची त्याला सवयच राहिली नव्हती. लग्न ठरत आलं होतं आणि मुलीच्या मोठ्या बहिणीची त्याने धास्ती घेतली होती. "ती फार कडक आहे म्हणे, मॅडम," तो सांगायचा. "नुसती बघते आणि माणूस वितळतो." मुलीचं नाव त्याने कधी घेतलं नव्हतं. 'ती' म्हणतानाच तो इतका लाजायचा की नाव विचारणं ताईला क्रूरपणाचं वाटलं असतं. धाकटीनेही त्याला ताईबद्दल एवढंच सांगितलं होतं की ती लोकांची डोकी ठीक करते. त्यावरून ताईचं केशकर्तनालय असावं अशी त्याची समजूत होती.

गेल्या बुधवारी तर ताईने कमालच केली होती. त्या कडक बहिणीला कसं तोंड द्यायचं याची तालीम व्हावी म्हणून ती स्वतःच बहीण झाली होती आणि तिने असा काही आवाज लावला होता की डॉक्टरला घाम फुटला. "बरोबर, अशीच असणार ती," तो रुमालाने कपाळ पुसत म्हणाला होता. "तुम्हाला कसं जमलं?"

"अनुभव," ताई म्हणाली होती.

आता दारात दोघं एकमेकांकडे बघत उभे होते. बाहेर कुठे आपल्याकडे येणारा माणूस भेटला तर त्याने ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही, हा ताईचा नियम होता. "या," ती म्हणाली. "मी हिची ताई."

डॉक्टरने गुच्छ चपलांच्या कपाटावर ठेवला, चपला हातात घेतल्या आणि तो आत आला.

चहा झाला म्हणजे नुसता ओतून झाला. डॉक्टर कपाकडे बघत बसला होता. आईने मुलांचं कौतुक सांगावं तसं फ्रिजचं कौतुक सांगितलं, बाबांनी हवेचा विषय काढून पाहिला. शेवटी ताईने त्याला सावरून घ्यायला म्हणून म्हटलं, "चहा थंड होतोय."

डॉक्टरने मान वर केली, तिच्या नजरेला नजर दिली, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "तुमचं मत मला कळलं. मी त्यावर नक्की विचार करेन."

आईने बाबांकडे पाहिलं. वाक्य ताईनेच शिकवलेलं होतं. श्वाससुद्धा तिचाच होता.

तो गेल्यावर धाकटी, आई आणि बाबा तिघं ताईसमोर येऊन बसले.

"हं, बोल," धाकटी म्हणाली. "कसा वाटला?"

"माझं काही मत नाही," ताई म्हणाली.

आईचा हात छातीवर गेला. "काही म्हणजे काहीच नाही?"

"नाही."

"अगं, त्या मागच्या मुलाबद्दल तू तास-दीड तास बोलली होतीस. तो तर नुसता पुस्तक परत द्यायला आला होता."

"तुझी पसंती आहे ना, मग झालं," ताई धाकटीला म्हणाली आणि पर्स उचलून निघालीच.

आता ताईने शिव्या घातल्या असत्या तरी घरच्यांनी त्या पचवल्या असत्या. ताईला मत नाही, हे मात्र त्यांच्याने पचेना. "तिला काहीतरी कळलंय," आई म्हणाली. "दार उघडल्याबरोबर पांढरी पडली होती पोरगी. मला वाटतं, त्याचं आधी एक लग्न झालंय."

"किंवा त्याला वेड आहे," बाबा म्हणाले. "ही वेड्यांचं तोंड बघून ओळखते."

"बाबा, ती वेड्यांची डॉक्टर नाहीये, किती वेळा सांगायचं," धाकटी म्हणाली, पण तिचाही आवाज पडला होता.

ताईने घरी पोहोचताच आपल्या बाईंना फोन लावला. बाई म्हणजे तिला हा व्यवसाय शिकवणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशक. पेच पडला की ती त्यांच्याकडे धावायची. नाव न घेता तिने सगळं सांगितलं.

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या, "तो तुझ्याकडे येतो हे तू कुणालाही सांगायचं नाहीस. बहिणीला नाही, आईला नाही. ते गुपित त्याचं आहे. त्याला सांगायचं तर तो सांगेल."

"पण बाई, इकडे सगळ्यांना वाटतंय की मला तो आवडला नाही."

"वाटू दे. तो चांगला आहे असंही तू सांगू शकत नाहीस. तुला ते कसं कळलं, हा प्रश्न येणारच. दुसरी गोष्ट, मेव्हणी होऊन त्याचं समुपदेशन करता येणार नाही. त्याला चांगल्या माणसाकडे पाठव."

"हो."

"आणि तिसरी. त्या बहिणीविषयी तू त्याला काय काय सांगितलंस?"

"अशी माणसं आतून घाबरलेली असतात म्हणून दुसऱ्यांवर अधिकार गाजवतात, असं म्हटलं होतं."

"जिला कधी भेटली नाहीस तिचं निदान केलंस?"

"भेटलेली होते, बाई. ओळखली नाही."

पलीकडून बाईंना ठसका लागल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

बुधवारी डॉक्टर आला तो खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

"म्हणजे ती कडक बहीण तुम्ही?"

"हो."

"म्हणजे इतके दिवस मी तुमच्याबद्दल तुमच्याशीच बोलत होतो."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात की ती आतून घाबरट आहे."

"ते मी म्हणायला नको होतं," ताई म्हणाली. "अर्थात चुकलं नव्हतं."

डॉक्टर हसला. मग ताईने त्याला एकेक गोष्ट नीट सांगितली. तो इथे येतो हे ती कुणालाही सांगणार नाही. यापुढे ती त्याला भेटू शकणार नाही, कारण आता तिचं मन दोन्हीकडे असेल आणि त्याचा तोटा त्याला होईल. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या ओळखीचे एक फार चांगले समुपदेशक आहेत, त्याला हवं तर त्यांच्याकडे जाता येईल. त्याने त्यांचा फोन नंबर घेतला.

"मी तिला सांगावं का?" त्याने विचारलं.

ताईच्या जिभेवर 'आजच सांगा' असं आलं होतं. आईचे सकाळपासून चार फोन येऊन गेले होते. धाकटीने तर बोलणंच टाकलं होतं. पण या प्रश्नाच्या उत्तरात तिचा स्वतःचा फायदा होता, आणि नेमकी तीच अडचण होती. "ते तुम्ही ठरवायचं," ती म्हणाली. "ठरवायला वेळ लागला तरी चालेल. याविषयी नव्या सरांशी बोला."

"मला लाज वाटते," डॉक्टर म्हणाला. "बायकोच्या बहिणीला घाबरून माणूस उपचार घेतो म्हणजे काय."

"घ्या वेळ," ताई म्हणाली. हे दोन शब्द तिला आयुष्यात इतके जड कधी गेले नव्हते.

डॉक्टरने वेळ घेतला. तेवढ्या वेळात आईने तपास हाती घेतला. ताई बोलत नाही तर आपणच जाऊन माणूस पारखावा, असं ठरवून ती डोळ्यांवर काळा चष्मा चढवून डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. दाढ दुखते असं सांगून आधी खुर्चीत बसायचं आणि मग गप्पांच्या ओघात त्याच्या पहिल्या लग्नाचं काढून घ्यायचं, असा तिचा बेत होता. डॉक्टरने तिला बघताक्षणी ओळखलं. पण ती ओळख देत नाही तर आपण का द्यावी, असा विचार त्याने केला. ही रीत तो ताईकडेच शिकला होता. त्याने तिला तोंड उघडायला सांगितलं, आणि तिथेच आईचा बेत फसला. तोंड उघडल्यावर प्रश्न विचारता येईना. आणि दाढ खरोखरच किडलेली निघाली.

संध्याकाळी आई अर्धा गाल सुजवून घरी परतली. "आअं आयं," ती म्हणाली.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"हात हलका आहे, असं म्हणतेय," धाकटी म्हणाली. मग सगळा प्रकार कळल्यावर ती भडकली आणि तडक ताईच्या घरी गेली.

"आई आता हेरगिरी करायला लागली आहे," ती म्हणाली. "तुझ्यामुळे. एकदा सांगून टाक ना ताई, काय खटकलं तुला? मी रडणार नाही."

"काही खटकलं नाही."

"मग आवडला म्हण."

ताईने पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण रिकामा केला. लहानपणी ही पडली की ताईच्या कुशीत येऊन रडायची. आता ती समोर उभी होती, डोळे भरलेले, आणि ताईला तोंडातून एक वाक्य काढायचं होतं, फक्त एक. की हा माणूस तुझ्याबद्दल बोलताना लाजतो. "मला काहीच म्हणता येत नाही गं," ती म्हणाली.

"तुझं मत मला कळलं," धाकटी म्हणाली आणि दार आपटून गेली.

त्या आठवड्यात ताईला जेवण गेलं नाही. आणि शनिवारी आईचा फोन आला. गाल उतरला होता, त्यामुळे शब्द स्पष्ट होते. "तो येतोय. म्हणतो, सगळ्यांसमोर बोलायचंय. लग्न मोडायला येत असणार. तू इथे ये, निस्तर."

ताई पोहोचली तेव्हा डॉक्टर सोफ्याच्या मधोमध बसला होता. चहा त्याने पिऊन टाकला होता.

"मी बुधवारी ताईंकडे जायचो," तो म्हणाला. "समुपदेशनासाठी. ह्या हिच्या ताई आहेत हे मला माहीत नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं. मी घाबरायचो. बऱ्याच लोकांना, पण सगळ्यात जास्त हिच्या मोठ्या बहिणीला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचा अधिकार माझा होता. मला वेळ लागला. त्यांना त्रास झाला. सॉरी."

धाकटी आधी त्याच्याकडे बघत होती, मग ताईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"ताई कडक आहे, वितळवते वगैरे," ती हळूच म्हणाली, "ते मी म्हटलेलं तू हिलाच सांगितलंस?"

"सविस्तर," डॉक्टर म्हणाला.

धाकटीने ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. आईला वाटलं रडते आहे, म्हणून ती जवळ गेली, तर ती हसत होती. मग डॉक्टर हसायला लागला, ताई हसायला लागली, आणि धाकटी उठून ताईच्या गळ्यातच पडली. "एवढं पोटात ठेवलंस?" ती म्हणाली. "तू? तुझ्या पोटात तर तीळ..." पुढे तिला हसण्यामुळे बोलता आलं नाही.

"आता तरी सांग, कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"ते मी आताही सांगणार नाही," ताई म्हणाली. "पण नवे प्रश्न तुम्ही त्यांना विचारा. तोंड मोकळं आहे त्यांचं."

जेवणं झाली, लग्नाची बोलणी झाली. ताई भांडी आवरत होती तेव्हा आई स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"तू खरंच कुणाला सांगत नाहीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात नवाच आदर होता.

"नाही, आई."

"मग तुला एक सांगते. यांना कळता कामा नये."

"आई, घरच्यांचं समुपदेशन मी करत नाही."

"करू नकोस. नुसतं ऐक." आईने नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "दुपारी हे झोपले ना, की मी यांच्याशी बोलत बसते. उशाशी. जागेपणी जे कधी बोलता आलं नाही ते सगळं. म्हणते, तुम्ही होतात म्हणून झालं हो सगळं. म्हणते, म्हातारपणी चेहरा छान झालाय तुमचा. तोंडावर बोलायची मला मेली लाज वाटते. त्यांना कळलं तर मी घराबाहेर तोंड काढणार नाही."

"नाही कळणार," ताई म्हणाली.

निघताना बाबा तिला सोडायला जिन्यापर्यंत आले. दोन पायऱ्या उतरून त्यांनी वर दाराकडे पाहिलं, पुन्हा दोन पायऱ्या उतरले.

"तू कुणाला सांगत नाहीस म्हणे," ते म्हणाले.

"बाबा, मी घरच्यांचं..."

"समुपदेशन नाही गं. एवढंच सांगायचंय, मी दुपारी झोपत नाही." बाबा कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले. "नुसते डोळे मिटून पडतो. तुझ्या आईला वाटतं झोपलोय. जागा आहे म्हणून कळलं, तर बंद पडेल सगळं. कधीकधी मुद्दाम थोडं घोरतोसुद्धा. म्हणजे ती लवकर सुरू करते."

"बरं," ताई म्हणाली.

ती रस्त्यावर आली आणि कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबून पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन येत होत्या, त्या तिच्यापाशी थांबल्या.

"काय गं, एवढं काय झालं हसायला? आम्हालाही सांग की."

ताईने सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ती पुन्हा हसत सुटली.