वजा झालेली रांग

सुमनबाईंच्या वर्गातून टाळ्यांचा आवाज आला, की शेषेराव गुरुजींच्या हातातला खडू मोडायचा. गेल्या महिन्याभरात असे अकरा खडू मोडले होते आणि प्रत्येकाचं खापर त्यांनी सरकारी खडूच्या दर्जावर फोडलं होतं.

गुरुजींकडे पहिलीची 'अ' तुकडी, सुमनबाईंकडे 'ब'. गुरुजींची बावीस वर्षं फळ्यावर आकडे लिहिण्यात आणि पोरांकडून ते घोकून घेण्यात गेली होती. सुमनबाईंना नोकरीला लागून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पण ही बाई फळ्याकडे बघतच नसे. पोरांना जमिनीवर गोल बसवायची, निळ्या पत्र्याच्या डब्यातून चिंचोके काढायची आणि म्हणायची, "चार मांडा. आता त्यात तीन टाका. मोजा बरं." पोरं मोजायची, सात म्हणायची आणि आपणच टाळ्या वाजवायची. मधल्या भिंतीपलीकडे 'अ' तुकडीतली पोरं एक कान गुरुजींना देऊन दुसरा तिकडं लावून बसत. एवढं सगळं एका दीडदमडीच्या चिंचोक्यावर चालतं, हेच गुरुजींना सहन होत नव्हतं.

त्यातच लातूर जिल्हा नवा. तीन-चार वर्षांत सगळ्यांना काहीतरी करून दाखवायची हौस आलेली. पाऊस नव्हता, विहिरी कोरड्या पडल्या होत्या, पण शिक्षकांचा मेळावा ठरला होता. पहिलीच्या मुलांना बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी याचा पाठ लातुरात सगळ्या जिल्ह्यासमोर द्यायचा होता आणि अहमदपूर तालुक्यातून त्यासाठी एकच शिक्षक जाणार होता. तो निवडायला विस्तार अधिकारी व्यंकटराव साहेब सोमवारी शाळेत येणार होते. सुमनबाई निवडल्या गेल्या तर बावीस वर्षांची नोकरी मातीमोल, असं गुरुजींनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

सोमवारी गुरुजी अहमदपूरहून पहिल्या एसटीनं आले आणि शाळेच्या मैदानात पाऊल टाकताच जागच्या जागी थबकले. फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत एक लांबलचक रांग मांडलेली होती. दगड, वीट, फुटक्या माठाचा गळा, एका पायाची चप्पल, पुन्हा दगड, पुन्हा वीट. आणि त्यात नवव्या जागेवर तो ओळखीचा निळा डबा.

"अस्सं," गुरुजी दातओठ खात म्हणाले. चिंचोक्यांवर भागत नव्हतं म्हणून बाईनं आता सगळं मैदानच मांडून ठेवलं होतं. साहेब फाटकातून आत शिरले, की सगळ्यात आधी त्यांची नजर यावरच पडणार.

गुरुजी रोज बसनं ये-जा करणारे, त्यामुळं गावात रविवारी काय झालं याचा त्यांना पत्ता नव्हता. शनिवारपर्यंत पाण्याचा टँकर मारुतीच्या पारापाशी थांबायचा. तिथं बायांची रोज जुंपायची, म्हणून सरपंचांनी तो शाळेच्या मैदानात हलवला होता. टँकर दुपारी यायचा. बाया पहाटेच येऊन आपापली खूण रांगेत ठेवायच्या आणि रोजगार हमीच्या कामावर निघून जायच्या. जिचा दगड पुढं, तिची घागर पुढं. सुमनबाई गावातच खोली घेऊन राहायच्या, त्यांनाही पाणी लागायचं, आणि खूण म्हणून त्यांनी चिंचोके काढून ठेवून डबाच रांगेत लावला होता.

पण मत्सरानं पेटलेल्या माणसाला चौकशी सुचत नाही. सुमनबाई मैदानात यायच्या आत हे साहित्य ताब्यात घ्यायचं, एवढंच गुरुजींना सुचलं. घंटा झाल्याबरोबर त्यांनी 'अ' तुकडी मैदानात आणली.

"हे सगळं गोळा करा. दगड एकीकडं, विटा एकीकडं."

पोरं जागची हलली नाहीत. सिंधू नावाची एक चिमुरडी, जिला गुरुजी वर्गातली सगळ्यात मठ्ठ पोर समजत, ती हळूच म्हणाली, "गुरुजी, ती वीट नका हालवू. धुरपताआजीची हाय ती."

"गणितात आजी नसते. उचल."

"आन् ती चप्पल माझ्या मायची हाय," दुसरा एक जण कुरकुरला.

"चप्पल ही फक्त एक वस्तू आहे. एक म्हणजे एक. ती कुणाची, हे विचारायचं नाही."

मग पाठ सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर झकास रंगला. सहा दगड आणि चार विटा मिळून दहा झाले. पोरं नाचत मोजू लागली, टाळ्या वाजवू लागली आणि गुरुजींनी मुद्दाम मान वळवून 'ब' तुकडीच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत सुमनबाईंच्या वर्गातली पोरं माना बाहेर काढून बसली होती. बावीस वर्षांत गुरुजींच्या तासाला दुसऱ्या वर्गानं कधी डोकावलं नव्हतं. त्यांची छाती दोन इंच फुगली.

"आता वजाबाकी. दहातून तीन वजा करायचे. वजा केलेलं परत यायचं नाही," असं म्हणून त्यांनी तीन विटा उचलल्या आणि शाळेमागच्या कोरड्या आडात टाकल्या. धडाधड आवाज आला आणि पोरं खूष झाली. मग दगड वजा झाले, माठाचा गळा वजा झाला, आणि शेवटी निळा डबा वजा करताना गुरुजींना जे समाधान लाभलं, ते पगारवाढीच्या दिवशीही लाभलं नव्हतं.

तेवढ्यात वेशीपाशी भोंगा वाजला. बसलिंगप्पाचा टँकर त्या दिवशी दोन तास आधीच आला होता. पाठोपाठ कामावरच्या बाया डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन धावत आल्या आणि फाटकात येऊन खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"माझी वीट कुठं गेली गं?" धुरपताबाई म्हणाल्या.

"आजी," एक पोरगं उत्साहानं ओरडलं, "तुझी वीट गुरुजींनी वजा केली. आडात."

गुरुजींना त्या क्षणी सगळं कळलं.

"मीच पयली होते," धुरपताबाई कमरेला पदर खोचत म्हणाल्या. "पाटंचं चारला येऊन लावली होती वीट."

"चारला काहून? मी आले तवा तुमची वीट न्हवतीच," नागूबाई पुढं सरसावल्या.

"तू आली तवा कोंबडं बी उठलं न्हवतं काय?"

पाच मिनिटांत सगळ्याच बाया पहिल्या नंबरावर आल्या. घागरी एकमेकींवर आपटू लागल्या. बसलिंगप्पा टँकरच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "अक्का, भांडण तुमचं तुमी मिटवा. मला अजून दोन गावं हायत. दहा मिंटात नळी लागली न्हाई, तर मी चाललो बगा."

सगळ्या बायांनी एकदम गुरुजींकडे पाहिलं. टँकर गेला तर उद्यापर्यंत गावात थेंब नव्हता.

गलका ऐकून सुमनबाई बाहेर आल्या. "गुरुजी, माझा डबा दिसला काय हो?"

"तो डबा तुमचाच होता, हे कबूल आहे ना?" गुरुजी अजूनही कुठंतरी आपलीच बाजू शोधत होते.

"हाव, माझाच. नववा नंबर होता माझा."

एवढ्यात सिंधू चालत फाटकापाशी गेली आणि पाय जुळवून ताठ उभी राहिली.

"मी धुरपताआजीची वीट," ती म्हणाली.

एक पोरगा पळत जाऊन तिच्यामागं उभा राहिला. "मी नागूमावशीचा दगड."

"मी चप्पल हाय," तिसरा म्हणाला. मग पोरांची नुसती धांदल उडाली. पहाटे आयांच्या पदराला धरून सगळी इथं आलेलीच होती, कोण कोणाच्या मागं हे त्यांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. 'अ' तुकडी संपली तशी 'ब' तुकडीची पोरं आली, आणि बघता बघता फाटकापासून लिंबापर्यंत एकोणतीस पोरं उभी राहिली. नववा पोरगा "मी बाईंचा डबा" असं म्हणून अंगठे पकडून वाकला, कारण डबा उभा नव्हे, आडवा ठेवला होता. आता कुणी बाई वाद घालेना. नळी लागली. धुरपताबाईंची घागर भरली, सिंधू रांगेतून बाहेर झाली आणि उरलेली पोरं एक पाऊल पुढं सरकली.

नेमकी याच वेळी व्यंकटराव साहेबांची फटफटी फाटकात आली. साहेब उतरले आणि बघतच राहिले.

"किती होते रे?" त्यांनी एका पोराला विचारलं.

"एकोणतीस."

"आणि किती गेले?"

"चार." पोरगा रांगेवरून बोट फिरवत गेला. "पंचवीस ऱ्हायले."

"वा! ही कल्पना कुणाची?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सुमनबाई वाकलेल्या पोराला सरळ करत म्हणाल्या, "सुरुवात गुरुजींच्याच वर्गानं केली, साहेब." ते अगदी खरं होतं, आणि गुरुजींनी ते तसंच राहू दिलं.

साहेबांनी तिथल्या तिथं वहीत नाव लिहिलं. लातूरला शेषेराव गुरुजी जाणार होते. साहेब निघून गेल्यावर गुरुजी हात मागं बांधून मैदानात दोन चकरा मारून आले. महिनाभर जी आग त्यांच्या पोटात होती, ती आता सुमनबाईंच्या पोटात कशी पेटलीय ते त्यांना बघायचं होतं. त्या आपली घागर भरून उंबऱ्यापाशी टेकल्या होत्या.

"बाई, कळलंच असेल," गुरुजी सहज म्हटल्यासारखं म्हणाले. "निवड माझी झाली."

"लई बरं झालं, गुरुजी." सुमनबाईंनी खरोखर मोकळा श्वास सोडला. "मला रातभर हीच फिकर लागली होती. टँकर तर रोजचाच हाय. मी लातूरला गेले असते, तर माझा नंबर कुणी धरला असता?"

गुरुजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कुठं तरी एखादी आठी, एखादं खोटं हसू सापडतं का म्हणून पुन्हा पाहिलं. काही नव्हतं.

"उन्हात उभं राहून राहून तोंड सुकलंय तुमचं," त्या म्हणाल्या आणि घागरीतलं पाणी तांब्यात ओतून त्यांच्यापुढं धरलं. गुरुजी घटाघटा प्यायले. पाणी गोड लागलं, आणि त्यांना बाईंचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.