रात्रभर बारा मीटरवर

जेवणाच्या टेबलावर तीन वस्तू होत्या: बाबांची राख असलेली करड्या प्लास्टिकची बरणी, बाबांचा डाइव्ह टेबलचा तक्ता आणि दादाचा फोन. भांडण शेवटच्या दोहोंत चाललं होतं.

“ॲप म्हणतंय, अठरा मीटरला पन्नास मिनिटं,” दादा म्हणाला.

छोटीने तक्त्यावरून बोट फिरवलं. “टेबलही साधारण तेवढंच म्हणतं.”

“मग वाद कशाचा?”

“आधी कोणाला विचारलं, त्याचा.”

छोटी चाळिशीला आली होती, पण घरात तिच्यानंतर कोणी जन्मलं नाही म्हणून ती छोटीच राहिली. तिचा जीव त्या तक्त्यावर होता. बाबांनी तीस वर्षं हौशी लोकांना समुद्राखाली नेऊन सुखरूप वर आणलं ते त्याच्याच भरवशावर. तक्ता सांगतो ते साधं असतं: अमुक खोल गेलात तर तमुक वेळ थांबा, त्याहून जास्त नाही. जास्त थांबलं की हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, आणि तसंच घाईने वर आलं की रक्तात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतात. खोली दोन खान्यांच्या मध्ये पडली तर अधिक सावध खाना धरायचा, हा बाबांचा नियम. तो ते घरातही पाळत. पाचची गाडी असली की साडेतीनला कुटुंब फलाटावर. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी चार ते सहा महिने म्हटलं, तेव्हा बाबांनी शांतपणे तीन धरले, आणि दीड महिन्यात गेले. सावध खाना कमी पडला, असं आयुष्यात एकदाच झालं.

निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी त्यांना मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर भेट दिला होता. तो पाण्याखाली क्षणाक्षणाचा हिशेब ठेवतो, टेबलाची गरजच उरत नाही. बाबा त्याला ‘शिकाऊ’ म्हणत, आणि त्याचं प्रत्येक उत्तर तक्त्यावर तपासून घेत.

“निघायचं का?” बाबांची थोरली बहीण, आत्या, छत्री घेऊन दारात उभी होती. पाण्यात ती कधी उतरली नव्हती, बोटीवरही छत्री लागते असं तिचं मत होतं. “बाळ्याला बरणीत बसून अवघडलं असेल.”

समुद्रात सतरा मीटरवर एक गंजलेला नांगर पडलेला आहे. नव्या विद्यार्थ्यांना बाबा पहिल्यांदा तिथेच नेत. “मला तिथे ठेवा,” त्यांनी सांगून ठेवलं होतं. “म्हणजे पुन्हा शोधत बसायला नको.” ते आजच व्हायला हवं होतं. दादाचं विमान उद्या रात्रीचं, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर निदान एक पूर्ण दिवस विमानात बसायचं नाही. बोट उद्या क्रेनने किनाऱ्यावर चढायची, ती हंगाम उघडेपर्यंत उतरायची नाही. आज चुकलं तर बरणी पुढचे पाच-सहा महिने कपाटावर. छोटीला त्याचीच धास्ती होती. बाबा गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत ती भाजी कोणती करायची ते बरणीला विचारू लागली होती, आणि काल तिने कारल्याची भाजी केली होती, जी तिला स्वतःला मुळीच आवडत नाही.

तिची आणखी एक इच्छा होती. बाबांची ही शेवटची डाइव्ह त्यांच्या शिकाऊनेच मोजावी. म्हणून काल संध्याकाळी तिने त्यात नवी बॅटरी घातली, आणि बॅटरी घातल्यावर बाबा जे करत तेच केलं. मालबोटींच्या जुन्या धक्क्यावर जाऊन, बारा मीटरवर गाठ मारलेल्या दोरीला तो बांधून पाण्यात सोडला. वर काढल्यावर त्याने बाराच्या आसपास आकडा दाखवला तर पास.

दोरी सोडली आणि फोन वाजला. हॉस्पिटलमधून एक गोड आवाज विचारत होता, “पेशंटला पुढच्या तपासणीला कधी आणताय?”

“ते वारले,” छोटी म्हणाली.

“हो का. मग अपॉइंटमेंट पुढे ढकलायची की रद्द करायची?”

“रद्द करा,” असं म्हणून छोटी धक्क्यावर थोडा वेळ बसली, मग उठली आणि घरी गेली. दोरीची आठवण तिला आज सकाळी दात घासताना आली.

ती धावत गेली आणि तिने दोरी भराभर ओढली. शिकाऊ वर येताच किंचाळला. त्याच्या दृष्टीने पाहिलं तर बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. एक माणूस काल संध्याकाळी बारा मीटरवर गेला, रात्रभर तिथेच राहिला, आणि सकाळी वाटेत कुठेही न थांबता एका दमात वर आला. असा माणूस वाचत नाही. शिकाऊने पडद्यावर एसओएस ही तीन अक्षरं लावली आणि बाकी सगळी बटणं बंद केली. आता दोन दिवस तो हेच दाखवणार होता.

बोटीवर दादाने तिच्या पिशवीतून तो काढला.

“त्याला हात लावू नकोस, बिघडलंय ते,” छोटी म्हणाली.

“मोजेल तर मोजेल. हातावर असू दे.” त्याने डाव्या मनगटावर स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, उजव्यावर बाबांचा.

बोट कप्तानची होती. तो बाबांचा सगळ्यात जुना विद्यार्थी, आता डायव्हिंग शाळा तोच चालवायचा. ही शेवटची फेरी त्याने फक्त सरांसाठी ठेवली होती. नांगराची जागा दिसायला लागली तशी त्याने नेहमीप्रमाणे प्रत्येकाची सामग्री तपासायला घेतली. पट्टे, नळ्या, सिलिंडर. मग त्याने दादाचं उजवं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

“हे कधीपासून?”

“सकाळपासून. बिघडलंय.”

“कोण म्हणालं?”

“छोटी.”

कप्तानने छोटीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण ते तीन आठवडे तसेच होते. “दुखतंय का कुठे?” त्याने दादाला विचारलं.

“खांदे. काल बाबांचं कपाट हलवलं.”

“हाताला मुंग्या?”

“सोफ्यावर झोपलो होतो. पलंगावर आत्या होती.”

“मी मध्ये कशाला?” आत्या म्हणाली.

“मळमळ?”

“बोटीत बसलोय रे.”

“झोप?”

“झोप कुठली.”

“छातीत काही?”

दादाने मान पाण्याकडे वळवली. “जड वाटतं,” तो म्हणाला.

कप्तान प्रत्येक उत्तराला एक बोट मिटत होता. आता मूठ झाली होती. “पहाटे एकटाच खाली गेला होतास,” तो हळू आवाजात म्हणाला.

“नाही.”

“सर गेल्यावर मलाही वाटलं होतं, एकट्याने जाऊन यावं. पण मी गेलो नाही.”

“अरे, मीही नाही गेलो.”

“नाही म्हणणं हे पहिलं लक्षण.”

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. वाक्य बाबांचं होतं. जो म्हणतो मला काही झालं नाही, त्याला आधी ऑक्सिजन लावा, हे त्यांनी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलं होतं.

छोटीने सगळं सांगितलं: बॅटरी, दोरी, हॉस्पिटलचा फोन, दात घासणं. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. कप्तानने मायेने ऐकून घेतलं. “घरचे झाकतात,” तो म्हणाला. “सर हेही सांगायचे.” आणि त्याने दादाला फळीवर आडवं करून तोंडावर मास्क चढवला.

“शिकाऊ उघडून बघ ना,” छोटी म्हणाली. “आत सगळी नोंद असेल.”

“बटणं बंद आहेत. फोनला जोडून इंटरनेटवरून काढावी लागेल, आणि इथे रेंज नाही. तोवर हा गेला तर मी सरांना काय तोंड दाखवू?”

सर पिशवीतल्या बरणीत होते. बोट वळली. छोटी मागे सरकत जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. दादाने मास्क बाजूला करून “माझं ऐक” म्हटलं की कप्तान तो परत बसवायचा. पाचव्यांदा आत्याने दादाचा हात धरून खाली ठेवला.

“राहू दे ना,” ती म्हणाली. “आल्यापासून पहिल्यांदा तू वाद न घालता पडलायस.”

धक्क्यावर कप्तानने वायरलेसवरून बोलावलेली रुग्णवाहिका उभी होती. दादाला स्ट्रेचरवर घेतलं. त्याच्या पायाशी ठेवलेली बरणी पाहून मदतनिसाने विचारलं, “हे पेशंटचं सामान का?”

“पेशंटचे वडील,” आत्या म्हणाली. मदतनिसाने बरणीला पट्टा लावला.

पाणबुड्यांवर उपचार करायचा लोखंडी कक्ष असलेलं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथली डॉक्टर उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने दादाला तपासलं, बोटं हलवायला लावली, एका पायावर उभं केलं. मग शिकाऊ आपल्या संगणकाला जोडून रात्रीचा आलेख उघडला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“हा माणूस रात्रभर बारा मीटरवर आहे,” ती म्हणाली. “एवढी हवा कुठल्याच सिलिंडरमध्ये मावत नाही. आणि हलतही नाही. जो काही वरखाली झालाय तो भरती-ओहोटीइतका.” तिने चष्मा काढला. “हा एकतर मासा असेल, नाहीतर मेलेला माणूस.”

“दुसरं,” आत्या म्हणाली.

छोटीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी ते खरं वाटलं, कारण भरती-ओहोटी साक्षीला होती. कप्तान कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“तुमचं चुकलं नाही,” डॉक्टर त्याला म्हणाली. “मीही ऑक्सिजनच लावला असता.” मग ती दादाकडे वळली. “तुम्हाला काही झालेलं नाही. पण इथे संशयित म्हणून नोंद झाली की तीन दिवस विमान नाही आणि पाणी नाही. इथला नियम आहे.”

“माझं उद्याचं विमान आहे. ऑफिसात काय सांगू?”

“डॉक्टरांनी मनाई केली म्हणून सांगा.”

“कशामुळे?”

डॉक्टरने आलेखाकडे पाहिलं. “वडिलांमुळे,” ती म्हणाली.

दादाने ऑफिसला तसंच कळवलं, आणि मास्क पुन्हा आपणहून तोंडावर ओढून घेतला. बघता बघता त्याला झोप लागली, घोरण्याने मास्कवर वाफ धरू लागली. गेल्या तीन आठवड्यांतली ती त्याची पहिली गाढ झोप होती. शेजारच्या खुर्चीत आत्याही छत्रीवर हनुवटी टेकून पेंगली.

डॉक्टर जायला निघाली आणि थांबली. छोटी भिंतीला पाठ लावून, बरणी धरून उभी होती.

“तुमचं काय?” डॉक्टरने विचारलं. “थकवा?”

“आहे.”

“हातपाय बधिर?”

“कधी कधी.”

“कुठेतरी दुखतं, पण नेमकं कुठे ते सांगता येत नाही?”

छोटीने मान हलवली.

“शेवटचं पाण्यात कधी गेला होतात?”

“आठ महिन्यांपूर्वी. ते होते बरोबर.”

डॉक्टरने पेनचं टोपण लावलं. “मग हा नायट्रोजन नाही.”

“माहितीये.”

“यासाठी माझ्याकडे कक्ष नाही,” डॉक्टर म्हणाली. तिने दुसरी खुर्ची ओढली, एक मास्क काढला. “पण याने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. बरणी मांडीवर राहिली तरी चालेल.”

क्रेनवाल्याला कप्तानने त्याच दिवशी फोन केला, बोट आणखी काही दिवस पाण्यात राहणार म्हणून. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मूर्खपणा.” कोणाचा ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी समुद्र सपाट होता. शिकाऊ आपोआप उघडला होता, काही घडलंच नाही अशा थाटात. छोटीने या वेळी तो स्वतःच्या मनगटावर बांधला आणि तक्ता खिशात ठेवला. सतरा मीटर म्हणजे अठरा धरायचे, हे सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. खाली नांगर होता तिथेच होता. छोटीने बरणीचं झाकण फिरवलं. तिला वाटलं होतं राख पसरेल, तरंगेल, पण ती निमूट खाली बसली, बाबा स्वतःच्या खुर्चीत बसायचे तशी. एक मासा आशेने जवळ आला, खायचं काही नाही असं पाहून निघून गेला. वर येताना पाच मीटरवर दोघं भावंडं दोरी धरून थांबली, कारण तिथे थांबायचं असतं. दादाने डोळ्यांवरच्या मास्कमधलं पाणी दोनदा बाहेर काढलं. मास्क कुठे गळत नव्हता.

परत धक्क्याला लागल्यावर दादाने शिकाऊ फोनला जोडला. आजची डाइव्ह बाबांच्या खात्यात जपून ठेवायची होती. ॲपने आधी धक्क्यावरच्या त्या रात्रीची राहिलेली नोंद आत घेतली आणि एक घंटी वाजवली.

“काय म्हणतंय?” छोटीने विचारलं.

दादा वाचायचं की नाही अशा विचारात दिसला. मग त्याने वाचलं. “अभिनंदन. ही तुमची आजवरची सर्वांत लांब डाइव्ह आहे. पुढच्या वेळी कृपया सावकाश वर या.”

कप्तान दोरी गुंडाळायला लागला, ती आधीच गुंडाळलेली होती. आत्या रिकामी बरणी रुमालाने आतून पुसत होती. तिने झाकण लावून पाहिलं, घट्ट बसतंय याची खात्री करून घेतली.

“त्याला कळव,” ती म्हणाली, “आता बाळ्या वर येणार नाही म्हणावं.”